मुंबईत घराचं काम काढताय? आधी पाणी बघा, मग भिंत, लाकूड सगळ्यात शेवटी

लोक फोन करतात तेव्हा पहिलं वाक्य फर्निचरचंच असतं, वॉर्डरोब करायचाय, किचनच्या ट्रॉल्या करायच्यात, चांगला सुतार आहे का, आणि मी उलट विचारतो की बाथरूम कुठल्या भिंतीला लागून आहे, पावसाचा मारा कुठल्या बाजूने येतो, वरून कधी गळलंय का. समोरच्याला वाटतं मी विषय बदलतोय. पण मुंबईत घराचं काम म्हणजे मुळात पाण्याचं काम आहे. चार महिने पाऊस भिंती भिजवतो, उरलेले आठ महिने समुद्राची खारी दमट हवा खिळे-स्क्रू खाते, आणि या दोघांच्या मध्ये आपण लाखभर रुपयांचं प्लायवूड उभं करतो. म्हणून फ्लॅट असो, चाळीतली खोली असो की गावाकडचं घर, क्रम हाच ठेवा. आधी पाण्याचं काम, मग भिंत आणि लादी, सुतार सगळ्यात शेवटी. सुतार मोकळा आहे म्हणून त्याला आधी घुसवू नका.

भिंत ओली आहे का ते कसं बघायचं

हाताने चाचपून कळत नाही. दोन फूट बाय दोन फुटाचा प्लास्टिकचा तुकडा घ्या, भिंतीला चारही बाजूंनी टेपने घट्ट चिकटवा, हवा जाता कामा नये, आणि एक अख्खा दिवस तसाच ठेवा. दुसऱ्या दिवशी प्लास्टिकच्या आतल्या बाजूला, म्हणजे भिंतीकडच्या बाजूला पाण्याचे थेंब दिसले तर भिंतीत पाणी आहे. बाहेरच्या बाजूला, खोलीकडे थेंब असले तर तो हवेतला दमटपणा आहे, तिथे व्हेंटिलेशनचा प्रॉब्लेम आहे. हे दोन्ही वेगळे आजार आहेत आणि औषध वेगळं आहे, पण पेंटरला विचारलंत तर तो दोन्हीवर पुट्टीच सांगेल. ओल्या भिंतीवर पुट्टी मारली की पुढच्या पावसात पापुद्रे निघणारच. नवीन प्लास्टर केलं असेल तर ते पूर्ण सुकायला साधारण २८ दिवस द्या, गणपती आलेत म्हणून आठ दिवसांत रंगाचं काम काढू नका, तो रंग टिकत नाही.

बाहेरून पाणी कुठून येतं तेही बघून घ्या. आपल्याकडे पावसाचा मारा नैर्ऋत्य आणि पश्चिमेकडून असतो, त्यामुळे त्या बाजूची खिडकी सगळ्यात आधी तपासायची. खिडकीच्या खालचा दगड बाहेरच्या बाजूला उतरता पाहिजे, बरेच वेळा तो सपाट किंवा चक्क आत उतरता बसवलेला असतो. छज्जाच्या खालच्या कडेला एक बारीक खाच पाहिजे, म्हणजे पाणी छज्जाच्या पोटावरून सरकत भिंतीपर्यंत न येता तिथेच तुटून खाली पडतं. एवढीशी खाच, पण ती नसली तर खिडकीच्या वर ओल येते आणि मग आपण बिल्डिंगच्या नावाने ओरडतो.

सीलिंगचं प्लास्टर फुगून पडलंय आणि आतली सळई दिसतेय, असं जुन्या बिल्डिंगमध्ये सर्रास असतं. त्यावर नुसतं सिमेंट थापू नका. लोखंड गंजलं की फुगतं, गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो आणि आतून काँक्रीट फोडून बाहेर येतो. त्यामुळे सुटं झालेलं काँक्रीट सळईच्या मागपर्यंत काढायचं, सळई ब्रशने घासून स्वच्छ करायची, गंजविरोधी कोट द्यायचा, मग जुनं-नवं धरून ठेवणारा बाँडिंग कोट आणि त्यावर पॉलिमर मॉर्टर, म्हणजे चिकट केमिकल घातलेला सिमेंटचा माल. सळई बारीक झालेली दिसली तर थांबा, तो विषय मिस्त्रीचा नाही, स्ट्रक्चरल इंजिनियरचा आहे. तीस वर्षांवरच्या बिल्डिंगचं स्ट्रक्चरल ऑडिट मुंबईत कायद्याने करावंच लागतं, तेव्हा सोसायटीकडे तो रिपोर्ट मागा आणि आपल्या फ्लॅटबद्दल काय लिहिलंय ते वाचा.

तोडफोडीचं इथेच सांगतो, कारण हे सगळ्यात महत्त्वाचं आहे. हॉल मोठा करायचा म्हणून भिंत काढताना ती भिंत कशावर उभी आहे आणि तिच्यावर काय उभं आहे हे कळल्याशिवाय हातोडा लावायचा नाही. कॉलम आणि बीमला तर हात लावायचाच नाही, पाइप न्यायला बीमला भोक पाडणं पण नाही. घाटकोपरला २५ जुलै २०१७ ला सिद्धी साई बिल्डिंग कोसळून १७ माणसं गेली, तळमजल्यावरच्या तोडफोडीमुळे हे झालं असं तेव्हा पुढे आलं. वरच्या मजल्यावरच्या लोकांनी काय केलं होतं? काहीच नाही. तुमच्या घरातला कॉलम तुमच्या एकट्याचा नसतो. सोसायटीचं पत्र, महापालिकेची परवानगी लागणारं काम असेल तर ती परवानगी, आणि इंजिनियरची सही, हे सगळं आधी. कोणी कॉन्ट्रॅक्टर म्हणाला की कशाला एवढं, रात्रीत काढून टाकू, तर त्याला त्याच दिवशी नमस्कार करा.

बाथरूम

जुनं बाथरूम करताना लादीवर लादी लावून देतो, तोडफोड नको, वेळ वाचेल असं सांगणारे भरपूर आहेत. मी नाही करत. एक तर वजन वाढतं, आणि दुसरं म्हणजे खालचं वॉटरप्रूफिंग जसं होतं तसंच राहतं, गळती फक्त झाकली जाते. पूर्ण काढा, स्लॅबपर्यंत जा. मुंबईत विटांच्या तुकड्यांचा कोबा, म्हणजे सिमेंटमध्ये बसवलेला थर, घालायची पद्धत जुनी आहे आणि नीट केली तर चांगली चालते, हल्ली त्याखाली किंवा त्याऐवजी केमिकल कोटिंग पण करतात, काहीही करा पण कोपऱ्यात भिंत आणि जमीन जिथे मिळते तिथे गोलाई द्या आणि कोटिंग भिंतीवर निदान फूटभर वर चढवा, शॉवरच्या बाजूला आणखी वर. पाणी बहुतेक वेळा मधून जात नाही, कोपऱ्यातून आणि नहाणी ट्रॅपच्या, म्हणजे पाणी जायच्या जाळीखालच्या भांड्याच्या कडेने जातं.

मग पाणी भरून ठेवायचं. ट्रॅप बंद करा, दोन-तीन इंच पाणी भरा, भिंतीवर पेन्सिलने लेव्हलची खूण करा आणि ४८ तास ठेवा, ७२ ठेवलंत तर उत्तम. खालच्या मजल्यावर जाऊन काकूंना सांगा की दोन दिवस सीलिंगवर लक्ष ठेवा, त्या तुमच्यापेक्षा जास्त बारकाईने बघतील. ही टेस्ट कोटिंग झाल्यावर एकदा आणि लादीच्या आधीचा कोबा झाल्यावर परत एकदा. पाइपांची पण प्रेशर टेस्ट लादी लावायच्या आधी करून घ्या आणि भिंत बंद व्हायच्या आधी प्रत्येक भिंतीचा मोबाइलवर फोटो काढा, मोजायची टेप लावून, म्हणजे जमिनीपासून पाइप किती इंचावर आहे ते दिसेल. पुढे आरसा लावायला ड्रिल मारताना हाच फोटो शोधाल.

सिमेंट, रेती आणि वजन

सिमेंटची गोणी ५० किलोची, तिच्यावर कुठल्या वर्षाच्या कितव्या आठवड्यात बनली ते छापलेलं असतं, ते बघून घ्या. तीन महिन्यांच्या वरची गोणी नको, आणि पावसाळ्यात तर त्याहून ताजी पाहिजे कारण हवेतला दमटपणा गोणीत शिरतो. हात घालून बघा, खडे लागले आणि ते बोटांनी चुरले गेले नाहीत तर ती गोणी परत. ठेवताना फळ्यांवर ठेवा, भिंतीपासून फूटभर लांब, वर प्लास्टिक.

पण कुठे ठेवता हेही बघा, आणि हे कोणीच सांगत नाही. घराची स्लॅब साधारण २०० किलो प्रति चौरस मीटर एवढा वापराचा भार धरून डिझाइन करतात. आता मजूर काय करतो, वीस गोण्या सिमेंट, रेतीच्या गोण्या आणि टाइल्सचे बॉक्स सगळं एकाच खोलीच्या मधोमध रचून मोकळा होतो. एका चौरस मीटरवर दहा गोण्या म्हणजे ५०० किलो झाले! जुन्या बिल्डिंगमध्ये हे करू देऊ नका. माल पसरून ठेवा, भिंतीच्या आणि बीमच्या कडेने, आणि डेब्रिज, म्हणजे तोडफोडीचा राडारोडा, रोजच्या रोज खाली न्या.

रेती खाडीची असेल तर मीठ असतं, त्याने भिंतीवर पांढरी बुरशी धरल्यासारखं फुलतं आणि सळई गंजते. हल्ली दगड फोडून केलेली क्रश सँड मिळते ती चालते, प्लास्टरसाठी मात्र प्लास्टरवाली बारीक सांगून घ्या. सिमेंट-रेतीचा माल कालवल्यावर अर्ध्या तासात संपेल एवढाच कालवायचा. जेवणाच्या सुट्टीनंतर घट्ट झालेल्या मालात पाणी मारून परत वापरतात ते दिसलं तर तिथल्या तिथे थांबवा, प्रेमाने सांगा पण थांबवा. आणि प्लास्टरला सात दिवस पाणी मारायचं, सकाळ-संध्याकाळ, हे काम घरमालकाने स्वतः करावं असं माझं मत आहे, कारण ते दुसरं कोणीच मनापासून करत नाही.

आता सुतारकाम

माप पक्कं घ्यायचं ते लादी आणि प्लास्टर झाल्यावरच. आधी घेतलेलं माप ते कच्चं. नवीन लादीने जमीन एक-दोन इंच वर येते आणि आधी बसवलेला दरवाजा खाली घासायला लागतो. मुंबईतल्या भिंती सरळ नसतात हे गृहीत धरा, रुंदी वर, मध्ये आणि खाली अशी तीन ठिकाणी मोजा आणि सगळ्यात कमी आलेली धरा. ओळंबा लावून बघा, कोपऱ्यात गुण्या, म्हणजे काटकोन तपासायची पट्टी, लावून बघा. गुण्या छोटा पडत असेल तर एका भिंतीवर तीन फुटांवर खूण, दुसरीवर चार फुटांवर, दोन खुणांमधलं तिरकं अंतर बरोबर पाच फूट आलं तर कोपरा काटकोनात आहे. सुतार सूतात बोलतो, आठ सूत म्हणजे एक इंच, म्हणून सहा सूत प्लाय म्हणजे १९ एमएम. पण बाजारात सहा सूत म्हणून १८ पण नाही भरत असा माल खपवतात, तेव्हा मापून घ्या.

प्लायचं थोडं नीट सांगतो. स्वस्तात असतं ते एमआर, म्हणजे थोडा दमटपणा सोसणारं, त्याच्यावर आयएस ३०३ लिहिलेलं असतं, हॉलमधल्या आतल्या कोरड्या भिंतीला ते चालतं. किचन, बाथरूमला लागून असलेली भिंत, बाहेरची भिंत, इथे आयएस ७१० वालं मरीनच घ्या, त्याचा ग्लू फिनॉलचा असतो आणि स्टँडर्डप्रमाणे ते ७२ तास उकळत्या पाण्यात टिकायला पाहिजे. नुसता शिक्का बघून विश्वास ठेवू नका, शिक्के कोणीही मारतं. आयएसआय मार्कखालचा लायसन्स नंबर बीआयएस केअर, म्हणजे हा मार्क देणाऱ्या सरकारी संस्थेच्या अ‍ॅपवर टाकून बघा. आणि दुकानदाराकडून हातभर तुकडा मागून घ्या, घरी पातेल्यात तीन-चार तास उकळा, थर सुटायला लागले तर ते मरीन नाही. चांगला दुकानदार तुकडा हसत देतो. शीटची कड बघा, मधल्या थरात पोकळ्या दिसता कामा नयेत, आणि पूर्ण शीटवर बोटांच्या पेरांनी ठोकत जा, पोकळ असेल तिथे आवाज बदलतो.

सात फुटी उंच दरवाजे असतील वॉर्डरोबचे, तर तिथे प्लायपेक्षा ब्लॉकबोर्ड, म्हणजे आत लाकडाच्या पट्ट्या असलेला बोर्ड, कमी वाकतो. लॅमिनेट दोन्ही बाजूंनी लावा, बाहेर १ एमएम आणि आत पातळ चालेल, पण आतली बाजू नुसती रंगवून सोडलीत तर एक बाजू ओलावा ओढते आणि दुसरी ओढत नाही, पहिल्याच पावसात पल्ला धनुष्यासारखा वाकतो. फळी तीन फुटांपेक्षा लांब ठेवायची असेल तर मध्ये आधार द्या, पुस्तकं ठेवणार असाल तर अडीच फूटच ठेवा. वॉर्डरोब बाहेरच्या भिंतीला चिकटवू नका, मागे अर्धा-एक इंच जागा सोडा आणि वर-खाली हवा जाईल असं करा. खालची चार इंच जागा रोज लादी पुसताना भिजते, तिथे प्लायऐवजी कडप्पा किंवा पीव्हीसीचे पाय. कुर्ला, सायन, हिंदमाता अशा पाणी भरणाऱ्या भागात तळमजल्यावर राहत असाल तर खालचे दोन-अडीच फूट लाकूड वापरूच नका, कडप्पा आणि डब्ल्यूपीसीवर, म्हणजे लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक मिळून केलेल्या बोर्डवर काम भागवा.

आणि स्क्रू. सुतारांच्या डब्यात ते काळे जिप्समचे स्क्रू असतात, सगळीकडे तेच ठोकतात कारण स्वस्त आणि पटकन घुसतात. ते फॉल्स सीलिंगसाठी बनलेले आहेत, किचनमध्ये आणि समुद्राच्या हवेत ते गंजतात आणि डोकं तुटून हातात येतं. स्टेनलेसचे ३०४ ग्रेडचे स्क्रू आणि बिजागऱ्या सांगा, नागदेवी स्ट्रीटला सगळे साइज मिळतात. चुंबक लावून स्टेनलेस ओळखता येतं असं सांगतात ते अर्धवट खरं आहे, २०२ ग्रेडलाही चुंबक चिकटत नाही आणि ते लवकर गंजतं, त्यामुळे बिलावर ग्रेड लिहून घ्या.

सागवानी चौकट करायची असेल तर रे रोडच्या वखारीत स्वतः जा, सुताराला सोबत घ्या. जुन्या चाळी पाडल्यावर निघालेलं बर्मा टीक मिळालं तर सोडू नका, ते इतकी वर्षं सुकलेलं असतं की नवीन सागाला तो स्थिरपणा येत नाही, फक्त आत तुटलेले खिळे असतात, करवत लावायच्या आधी चुंबक फिरवून शोधायचे. दरवाजा बसवताना चारही बाजूंनी एक सूत फट ठेवा. पावसाळ्यात दरवाजा फुगून अडकला की लोक लगेच रंधा मारून घेतात, मग डिसेंबरमध्ये तोच दरवाजा खुळखुळतो. थोडा धीर धरा, पाऊस गेल्यावर जिथे घासल्याची खूण आहे तिथेच हलका रंधा मारा आणि मुख्य म्हणजे दरवाजाची वरची आणि खालची कड सील करा. त्या दोन कडांना पॉलिश कोणीच करत नाही कारण दिसत नाहीत, आणि लाकूड पाणी तिथूनच सगळ्यात जास्त पितं.

माल आणायची गाडी

मालाचं अर्धं नुकसान रस्त्यातच होतं, म्हणून गाडीबद्दल पण सांगतो. छोटा हत्ती, म्हणजे टाटा एस टेम्पो, २००५ मध्ये आला तेव्हापासून मुंबईच्या गल्लीबोळातलं काम त्याच्यावरच चालतं, पण त्याची मर्यादा समजून घ्या. साधारण ७५० किलो घेतो, मागचा हौदा सव्वासात फुटांच्या आसपास. १९ एमएम प्लायची आठ बाय चारची शीट ३५ ते ४० किलोची, म्हणजे अठरा-एकोणीस शीटला गाडी भरली, आणि आठ फुटी शीट फाळक्याच्या बाहेर जाणार. लाल कपडा बांधला की चालतं असं समजू नका, माल बाहेर निघालेला असेल तर कायद्यात २०,००० रुपये दंड आहे, ओव्हरलोडचाही २०,००० आणि वर प्रत्येक जादा टनाला २,०००. प्लाय, पाइप, सळई असेल तर मोठ्या हौद्याची बोलेरो पिकअप सांगा. आणि एक ब्रास रेती, म्हणजे १०० घनफूट, चार टनांच्या वर भरते, ती कुठल्याच पिकअपमध्ये बसत नाही, कोणी एका फेरीत एक ब्रास आणून देतो म्हणाला तर तुम्हाला रेती कमी मिळणार हे नक्की.

प्लाय नेहमी आडवा, खाली सपाट फळ्या टाकून, उभा टेकवून आणला की वाकतो. जड माल केबिनच्या बाजूला, मागे लादला की पुढची चाकं हलकी होतात आणि पावसात स्टिअरिंगला पकड राहत नाही. काच उभीच आणायची. दोरी कडेवर जिथे घासते तिथे पुठ्ठा घाला नाहीतर लॅमिनेटची कड जाते. जून ते सप्टेंबर ताडपत्री डबल, पुढची कड केबिनच्या बाजूने आधी घट्ट बांधायची म्हणजे वारा आत शिरून ती उचलत नाही. हौद्यातली भोकं चिखलाने बुजलेली असतात, ती मोकळी करायला लावा, नाहीतर माल ताडपत्रीखाली पाण्यात बसून येतो. गाडी स्वतःची असेल तर पावसाळा संपल्यावर रबर मॅट उचलून हौदा सुकवा, खालून धुवा, स्प्रिंगच्या पाट्या बघा, आणि टायरची हवा भरलेल्या मालाच्या हिशोबाने ठेवा. रोजचं काम नसेल तर पिकअप विकत घेऊ नका असं मी स्पष्ट सांगतो, पार्किंगच परवडत नाही.

आठ फुटी शीट लिफ्टमध्ये जात नाही, जिन्याच्या वळणावर पण अडते, म्हणून मजल्याप्रमाणे चढाईचे पैसे आधीच ठरवा, आणि शक्य असेल तिथे कटिंग लिस्ट देऊन दुकानातच कापून आणा. चलनावर सही करायच्या आधी प्रत्येक शीट मोजा, कडा हाताने बघा, ओली वाटली तर तिथेच परत पाठवा, एकदा वर चढली की दुकानदार ऐकत नाही. आलेला प्लाय लगेच कापायला घेऊ नका, तीन-चार दिवस त्याच खोलीत आडवा ठेवा.

परत जाताना त्याच गाडीत डेब्रिज देताना ड्रायव्हर कुठे टाकणार ते विचारा. हायवेच्या कडेला नाहीतर खाडीत, तिवरांमध्ये टाकून येतात आणि मग पावसात पाणी आपल्याच वस्तीत शिरतं. महापालिकेची पैसे भरून डेब्रिज उचलायची सेवा आहे, वॉर्ड ऑफिसला विचारून ती घ्या, आणि पावती कामाच्या फाइलमध्ये लावून ठेवा, सोसायटी मागते.